दादा पुलाअलीकडे उतरला

परत आल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. बॉम्ब पडताना पाहिलेत का? रस्त्यात रणगाडे होते का? मंगल, माझी बायको, चहा ठेवायच्या निमित्तानं आत निघून जाते आणि उत्तर मला द्यावं लागतं. बॉम्ब पाहिले नाहीत. रणगाडे एकदा पाहिले, लांब ट्रेलरवर चढवलेले, ताडपत्रीखाली. विटांचे ट्रक जातात तसे गेले. ऐकणाऱ्याचा थोडा विरस होतो, मग तो क्रिकेटकडे वळतो.

मलाही आधी वाटायचं की देश फुटतो तेव्हा मोठा आवाज होत असेल. आम्ही होतो त्या गावात, ते आठवडे, लोक लॉन कापत होते. कुत्री फिरवत होते. सांगायचं आहे ते तसल्या दिवसांविषयी आणि माझ्या भावाविषयी. गावांची नावं खरी आहेत, माणसांची बदलली आहेत, आणि पुलाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही.

अल्फारेटा

माझा थोरला भाऊ अनंत, आमचा दादा, तरुणपणी अमेरिकेला गेला आणि तिकडचाच झाला. जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ अल्फारेटा म्हणून उपनगर आहे, तिथे त्याचं घर. वहिनी चार वर्षांमागे गेल्या. तेव्हापासून तो फोनवर म्हणायचा, "श्री, एकदा ये रे. घर फार मोठं झालंय." मी नाशिकला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, मंगलचे गुडघे जरा बरे झाले, आणि आम्ही एका वसंतात निघालो.

विमानतळावर दादाबरोबर रिया आली होती, त्याची एकुलती एक मुलगी. तिकडेच जन्मलेली, तिकडेच वाढलेली. तिनं वाकून नमस्कार केला आणि सरळ होताच विचारलं, "काका, गंगापूर डॅमच्या रेडियल गेट्सचे फोटो आणले का?" ती पुलांची इंजिनिअर. आमचं गोत्र एकच. शिवाय महिन्यातले दोन दिवस ती राज्याच्या राखीव फौजेत गणवेश घालून जायची. तिच्या तुकडीचं काम पूल बांधायचं आणि वेळ आली तर पाडायचं. "पाडायची वेळ कधी येत नाही," दादा हसून म्हणाला होता. "नुसता पगारी व्यायाम आहे तो."

त्या दिवसांत तिथं सगळं पिवळं झालेलं असतं. पाइनच्या झाडांचा पराग हळदीसारखा उडतो आणि मोटारी, खिडक्या, कुत्र्यांच्या पाठी, सगळ्यावर बसतो. मंगल रोज सकाळी ओट्यासारखा पोर्च पुसून काढी आणि दुपारपर्यंत त्यावर बोटानं नाव लिहिता येई. झाडं मात्र अशी फुललेली की पान दिसू नये. दादाच्या रस्त्यावरची घरं एकमेकांसारखी, कुंपणं नाहीत, आणि दारात झेंडे. दादाच्या दारातही देशाचा झेंडा होता. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या वर्षी लावलेला, दर दोन वर्षांनी नवा आणून बदललेला.

शेजारी वॉल्टर राहायचे. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, उंच गोरे गृहस्थ. त्यांच्याशी दादाची घरगुती मैत्री होती. वॉल्टरचा नातू कोडी आईबाप वेगळे झाल्यावर आजोबांकडेच वाढला होता. तो आणि रिया एका शाळेत, एका बसमध्ये, आणि पुढे एकाच तुकडीत. वहिनींच्या हातचं थालीपीठ तो लहानपणापासून खात आला होता. आम्ही गेल्यावर मंगलनं थालीपिठं लावली, तर वास घेत मागच्या दारानं आलाच. पंचविशीतला, लाल मानेचा, लाजरा. "मिसेस ए करायच्या तसंच लागतंय," असं वहिनींच्या आठवणीनं म्हणाला आणि ताटलीकडे बघत राहिला.

वेगळं व्हायची भाषा आम्ही जायच्या आधीपासून चालू होती. पण तिकडची मंडळी ती हवामानासारखी बोलत. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात एक जण म्हणाला, "अरे यार, दर इलेक्शननंतर हे होतं. कोर्टात जाईल, संपेल." आम्ही श्रीखंड खाल्लं आणि घरी आलो.

त्यानंतर काही दिवसांनी राज्यानं देशातून फुटण्याचा ठराव केला. शेजारच्या आणखी काही राज्यांनी आधीच केला होता. आम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. टीव्हीवर लोक ओरडत होते, काही रडत होते. दादानं आवाज बंद केला आणि नुसतं चित्र बघत बसला.

मंगल उठली आणि म्हणाली, "भाऊजी, घरात पिंपं आहेत का?"

"पिंपं?"

"पाणी भरून ठेवते. संचारबंदीत आधी पाणी जातं." तिनं दंगलींचे दिवस जुन्या नाशकात काढले होते. तिनं दोन्ही बाथटब भरले, पातेली भरली, डाळ-तांदूळ वेगळे काढले. रिया हसत होती. "काकू, धिस इज नॉट लाइक दॅट." पुढच्या आठवड्यात वीज जायला लागली, नळाचा दाब गेला आणि शेजारच्या दोन घरची माणसं आमच्याकडे बादल्या घेऊन आली, तेव्हा कुणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी वॉल्टर पीचच्या मुरांब्याची बरणी घेऊन आले. पोर्चवर आम्ही तिघं बसलो.

"हे लांबणार नाही, अनंत," ते म्हणाले. "वकील भांडतील, मग बसून सह्या करतील."

"तुला हे हवं होतं?" दादानं विचारलं.

वॉल्टर खोटं बोलणारे नव्हते. "हो," ते म्हणाले. "फार वर्षं हवं होतं. पण तू काळजी करू नकोस. तू इथलाच आहेस. कुणी काही म्हणालं तर मला सांग."

ते गेल्यावर दादा बराच वेळ बरणी हातात धरून होता. "मी इथला आहे हे त्याला बोलून दाखवावं लागलं, श्री," तो म्हणाला. "आजवर कधी लागलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं दारातला झेंडा उतरवला. मी विचारलं, घाबरलास का? "घाबरून नाही. वॉल्टरला रोज समोर बघायला लागेल आणि त्याला अवघड होईल, म्हणून." त्यानं झेंड्याची नीट तिकोनी घडी घातली, तिकडच्या रीतीप्रमाणे. मी एक टोक धरलं.

मग पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. प्रवासी विमानं बंद झाली, आमची तिकिटं कामाची राहिली नाहीत. समुद्राकाठच्या एका लष्करी तळावर गोळीबार झाल्याची बातमी आली. गोळी आधी कुणी झाडली यावर दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवत होते. शाळा बंद झाल्या. आणि तरी, खरं सांगतो, रोज सकाळी दहाच्या सुमाराला समोरच्या घरची बाई लॉन कापायची. व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांची घरं मात्र एकेक करून रिकामी होत गेली. दारात सोफे, पाळणे, व्यायामाची यंत्रं ठेवून लोक जात. घेणारं कुणी नव्हतं.

रियाच्या फोनवर एका सकाळी दोन निरोप आले. एक राज्याचा, एक देशाचा. दोन्हींत ताबडतोब हजर व्हा असं होतं, फक्त जागा वेगळ्या होत्या.

वीज नव्हती. तिकडच्या घरांत चूलही विजेची, म्हणून मंगलनं मागच्या अंगणातल्या कोळशाच्या शेगडीवर वांगी भाजली. भरीत-भात समोर होता आणि कुणी जेवत नव्हतं.

"तू कुठेच जायचं नाहीस," दादा म्हणाला. "आपण सगळे नॉर्थला जाऊ."

"बाबा, मी गेले नाही तर आय ॲम अ डेझर्टर, फौजेतून पळालेली. दोन्हीकडे."

"मग देशाकडे जा! शपथ घेतलीस ना?"

"दोन घेतल्यात," रिया म्हणाली. "स्टेटची आणि कंट्रीची. एकाच दिवशी, एकाच वाक्यात. एक निवडावी लागेल असं कुणी सांगितलं नव्हतं." मग माझ्याकडे वळली. "काका, माझी सगळी टीम स्टेटकडे चाललीय. कोडी पण. आम्हाला एक ब्रिज सांभाळायचाय, दॅट्स ऑल. मी नाही गेले तर एक्स्प्लोझिव्ह्ज कोण हँडल करेल? ज्याला काहीच येत नाही असा कुणीतरी. मी असले तर निदान मूर्खपणा होणार नाही."

मला तिचं म्हणणं पटलं. आम्ही धरणाच्या कामावर असेच बोलायचो, आपण असलो तर काम वाकडं जाणार नाही. मी तसं म्हणालो नाही, पण गप्प बसलो, आणि दादानं माझं गप्प बसणं ओळखलं. त्यानं ताट बाजूला सारलं.

सकाळी कोडी तिला न्यायला आला. मंगलनं दोघांच्या हातावर दही ठेवलं. कोडीला काही समजलं नसावं, पण तो चाटून "थँक यू, मॅम" म्हणाला. वॉल्टर त्यांच्या दारात उभे होते. दोन म्हातारे, दोन दारांत, एकाच गाडीकडे बघत राहिले.

डोंगरातला रस्ता

केतन आणि प्राजक्ता हे पुण्याचं जोडपं पलीकडच्या गल्लीत राहायचं. दोघं सॉफ्टवेअरमध्ये, मूलबाळ नाही, गाडी मोठी. व्हर्जिनियात हर्नडनला केतनच्या कंपनीचं ऑफिस होतं, आणि व्हर्जिनिया अजून देशात होतं. "काका, आम्ही ड्राइव्ह करतोय, तुम्ही तिघं बसा," असं तो आपण होऊन म्हणाला. मोठ्या हमरस्त्यावर राज्याच्या सीमेपाशी गाड्या अडवत होते. पण रियाचा निरोप आला: डोंगरातल्या रस्त्यानं या, आमच्या पुलावरून. रविवारपर्यंत फॅमिलीजना सोडतोय.

दादा एक बॅग घेऊन बसला. घराची किल्ली त्यानं वॉल्टरना दिली. वॉल्टर म्हणाले, "टोमॅटोंना पाणी घालीन." दोघांनी हात मिळवले आणि ते फार वेळ सोडले नाहीत.

अल्फारेटापासून उत्तरेला जमीन हळूहळू उचलली जाते. सपाट मॉल आणि मोटारींची दुकानं संपतात, मग कोंबड्यांच्या लांबच लांब शेड, मग जंगल. आपल्याकडे घाट समोर एकदम भिंतीसारखा उभा राहतो. तिथले डोंगर म्हातारे आहेत, निळसर, खांदे पाडून बसलेले. झऱ्यांना पाणी भरपूर. कुठल्याही दुसऱ्या वर्षी मी गाडी दहादा थांबवायला लावली असती. चर्चच्या पाट्यांवर प्लॅस्टिकच्या अक्षरांत मजकूर बदलतात, आपल्याकडे शाळेत फळ्यावर सुविचार लिहितात तसा. एका चर्चवर लिहिलं होतं, आत या, इथे दोन्ही बाजू बसतात. पुढच्या चर्चवर लिहिलं होतं, देव आपल्या बाजूला आहे. प्राजक्ता दोन्ही मोठ्यानं वाचत होती. मग तिनं वाचायचं सोडून दिलं.

एका वळणावर केतनला उलटी आली. गाडी त्याची, चालवणारा तो, आणि गाडी लागली त्यालाच. मंगलनं पर्समधून आवळासुपारी काढली. सगळे थोडे हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग होती. छतांवर गाद्या, सायकली, एका गाडीवर उलटं बांधलेलं खेळण्यातलं घर. आम्ही उतरून पायी पुढे गेलो. दरी खोल, तळाशी पांढरं पाणी. पूल काँक्रीटचा, तीन गाळ्यांचा, म्हणजे खांबांमधल्या तीन तुकड्यांचा, उंच सडपातळ खांबांवर. चांगलं काम. कठड्यावरून मी वाकून पाहिलं आणि मधल्या गाळ्याखाली, तुळयांच्या पोटाशी, ओळीनं बांधलेली स्फोटकांची पाकिटं दिसली. त्यांच्या वायरी नीट क्लिपांत बसवल्या होत्या. काम कुणाचं ते लगेच कळलं. आयुष्यभर मी गाळे उभे राहताना पाहिले. माझ्या पुतणीचं पहिलं काम पाहिलं ते हे.

ती गणवेशात होती आणि थकलेली होती. कोडी रांगेतल्या मुलांना पाण्याच्या बाटल्या वाटत होता. दादाला पाहताच "मिस्टर ए!" म्हणून धावत आला.

"रिया, चल," दादा म्हणाला. "गाडीत जागा आहे. कपडे प्राजक्ता देईल."

"बाबा, प्लीज. लोक बघतायत."

"बघू देत."

"मी गेले ना, तर इथे उरलेल्यांचं काय? हे सगळे घाबरलेत. कुणालाच हे नको आहे. मी असले की दे लिसन. आय कॅन कीप इट फ्रॉम हॅपनिंग." तिनं पुलापलीकडे हात दाखवला. "तुम्ही जा. तुम्ही तिकडे सेफ असलात तर मला इथे नीट काम करता येईल."

दादा पुलाकडे बघत राहिला. त्यानं पाकिटं पाहिली की नाही मला माहीत नाही. आमच्या रांगेची पाळी आली तेव्हा केतननं गाडी पुढे घेतली, आम्ही चढलो. दादा चढला नाही. त्यानं मागचं दार उघडून आपली बॅग काढली.

"दादा, काय करतोस?"

"मी नाही येत, श्री."

"अरे, ती काय म्हणाली ऐकलंस ना? तू पलीकडे आहेस हे कळलं तर तिला बरं वाटेल."

"ती इकडे, आणि मी पलीकडून फोन लावत बसू?" तो म्हणाला. "तुझ्या वहिनीच्या वेळी मी मुंबईत अडकलो होतो, जागेच्या कागदपत्रांसाठी. पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. आता नाही. मी घरी असेन. तिला सुट्टी मिळेल तेव्हा ती घरी येईल, तर घर उघडं असायला पाहिजे."

मंगल रडायला लागली. मागून हॉर्न वाजत होते. रियानं वडिलांकडे पाहिलं, रागावली, आणि त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. कोडी म्हणाला, "मी आजोबांना फोन करतो. ते ट्रक घेऊन येतील. मिस्टर ए सुखरूप घरी जातील, काळजी करू नका." त्यानं खिशातून फोन काढलाही.

आम्ही पूल ओलांडला. मी मागच्या काचेतून पाहत होतो. दादा कठड्यापाशी बॅगेवर बसला होता, आणि कोडी त्याला पाण्याची बाटली देत होता.

पलीकडे

नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीत एका चर्चच्या तळघरात आमच्यासारख्यांसाठी जेवण ठेवलं होतं. ग्रिट्स म्हणजे आपल्या मक्याच्या कण्याच, फक्त लोणी भरपूर. वाढणारी बाई प्रत्येकाला "हनी" म्हणत होती. तिनं केतनला विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूचे?"

केतन दमला होता. "पुण्याचे," तो म्हणाला.

तिनं मान डोलावली, जणू तीही एक बाजू असावी, आणि आणखी एक डाव वाढला.

ते राज्य तेव्हा कुणाचंच नव्हतं. ठराव पुढे ढकलत होतं. एका गावात देशाचा झेंडा, पुढच्यात नवा, मधल्या शेतांत काही नाही. ट्रेलरवरचे रणगाडे दिसले ते इथंच, आमच्या उलट दिशेनं, आम्ही आलो त्या रस्त्याला लागताना. रस्त्याकडेला एक माणूस टोपी काढून उभा होता. दुसरा पाठ फिरवून.

वॉल्टर आले आणि त्यांनी दादाला घरी नेलं, हे आम्हाला व्हर्जिनियात शिरताना कळलं. दादाचा मेसेज होता: "पोचलो. वॉल्टरनं सूप केलं आहे. रस्ताभर तो राजकारणावर एक शब्द बोलला नाही."

हर्नडन

हर्नडनला केतनच्या मित्रानं आम्हाला ठेवून घेतलं. नागपूरचा मुलगा, प्रणव, दोन खोल्यांत आधीच सात माणसं. "काका, काही टेन्शन घ्यायचं नाही. इथून एअरपोर्ट दिसतं," तो म्हणाला. विमानतळ अगदी लगत होता. लष्करी विमानं घरांवरून इतकी खाली येत की कपाटातल्या बरण्या वाजत. प्रवासी विमानं चालू होती, पण जागा मिळायला वेळ लागत होता. आम्ही थांबलो.

हर्नडनमध्ये रस्ते स्वच्छ, दुकानं उघडी, आणि प्रत्येक जण फोनमध्ये मान घालून. भारतीय दुकानात इडलीचं पीठही मिळत होतं. मंगल सगळ्यांचा स्वयंपाक करायची. हाताला काम होतं म्हणून ती टिकली. मी खिडकीत बसून विमानं बघायचो आणि पुलाचं गणित मनात मांडायचो. मधला गाळा गेला तर बाजूचे राहतील का? राहतील. काम नीट केलं असेल तर राहतील.

मग पूल गेल्याची बातमी आली. जॉर्जियाकडचे म्हणाले, देशाच्या तोफांनी पाडला. देशाकडचे म्हणाले, बंडखोरांनी उडवला. मृतांमध्ये एकाचं नाव दोन्हीकडे सारखं होतं. कोडीचं.

रियाचा पत्ता नव्हता. दादाचा फोन लागत नव्हता. त्या दिवसांबद्दल मला काही लिहिता येत नाही.

एका दुपारी दार वाजलं आणि ती उभी होती. मापाचा नसलेला कुणाचा तरी शर्ट, केस कापलेले, डाव्या कानावर पट्टी. सोडायला आलेली लष्करी गाडी खाली उभी होती. मंगलनं तिला ओढून आत घेतलं, हात-पाय धुवायला लावले आणि वरणभात कालवून समोर ठेवला. तिनं चार घास खाल्ले. मग बोलली. मराठीत बोलली, सगळं, शोधून शोधून शब्द काढत. इंग्रजीत तिला ते सांगायचं नव्हतं असं मला वाटलं.

रविवारनंतरही गाड्या येतच होत्या. वरून हुकूम आला, पूल उडवा. पुलावर माणसं होती. ती नाही म्हणाली. तुकडीतले काही तिच्या बाजूचे, काही हुकमाच्या. दिवसभर भांडण चाललं आणि तेवढ्या वेळात त्यांनी गाड्या पलीकडे काढल्या. शेवटी हुकमाच्या बाजूची कुमक आली. ती आणि तिच्या बाजूचे शेवटच्या गाड्यांच्या मागून पुलावरून पळाले. पाठीमागून गोळ्या. गाड्यांत मुलं. आता पाठलाग थांबवायचा एकच उपाय होता.

"फक्त मधला गाळा, काका," ती म्हणाली. "बाजूचे दोन्ही शाबूत आहेत. परत बांधता येईल."

"आणि कोडी?"

"तो तिकडच्या बाजूला राहिला होता. त्यानं ठरवलंच नव्हतं. सकाळपासून नुसता पाणी वाटत होता." तिनं कानावरची पट्टी चाचपली. "धूर होता. तो पुलावर आला. एकटा. माझं नाव घेत येत होता. मला थांबवायला येत होता, की आमच्याबरोबर यायला... कळलं नाही. कधीच कळणार नाही."

बटण कुणी दाबलं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

खालून हॉर्न वाजला. तिला पुढे कुठंतरी जायचं होतं. दारात ती म्हणाली, "बाबांना तुम्ही सांगा. माझ्यानं नाही होणार." मंगल तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. ती जिना उतरून गेली.

नाशिक

आम्ही घरी पोचलो तेव्हा उन्हाळा संपत आला होता. अंगणातला मोगरा पाण्यावाचून गेला होता. लोक भेटायला येऊ लागले, पेढे आणू लागले. सुखरूप आलात, म्हणाले.

दादाचा फोन लागायला लागला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, जसं तिनं सांगितलं तसं. मध्ये तो एकदाच बोलला. "ती जेवली का तुमच्याकडे?" म्हणून विचारलं.

ज्या मुलीसाठी तो अलीकडे थांबला, ती पलीकडे गेली. आता मध्ये सैन्य आहे आणि तिला घरी येता येत नाही, त्याला जाता येत नाही. घर उघडं आहे.

पण त्याचं दुःख वेगळंच निघालं. वॉल्टर रोज संध्याकाळी त्याच्याकडे येऊन बसायचे. नातवाला पुरून आल्या दिवसापासून एकही संध्याकाळ चुकली नव्हती. त्यांना तोफांची गोष्ट सांगितली गेली होती आणि त्यांनी ती मानली होती. ते दादाला म्हणाले, "रिया त्याच्याजवळ होती ना? तिचा फोन आला की विचार, शेवटी तो काही बोलला का. मला तेवढंच हवंय."

"काय सांगू त्याला?" दादानं मला विचारलं. मी थोरल्या भावाला आयुष्यात कधी सल्ला दिला नव्हता. मंगलनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, ते रोज तुमच्या दारात येऊन बसतात. खोटं बोलून तुम्हाला त्यांच्याशेजारी बसता येणार आहे का?"

पुढच्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्यानं सांगून टाकलं होतं. पोर्चवर, संध्याकाळी. गाड्यांतली मुलं, गोळ्या, धूर, सगळं. शेवटी वॉल्टरनी विचारलं, "म्हणजे तो तिचं नाव घेत होता?"

"हो," दादा म्हणाला.

वॉल्टर उठले. पायरीवर थांबले. "ती बरी आहे का?" त्यांनी पाठमोरंच विचारलं. दादानं बरी आहे म्हटलं. मग ते आपल्या घरी गेले.

त्यानंतर ते आलेले नाहीत. दादाही गेला नाही. मी दर रविवारी फोन करतो आणि दर वेळी विचारतो.

"नाही रे," तो म्हणतो. "पण अंधार पडला की त्याच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो. मी इथून बघतो. लागला की मग मी माझा लावतो."